'दोन्ही खेळांत पहिला' म्हणजे नेमकं काय मोजलं?

आल्फ्रेड लिटलटनबद्दल काहीही वाचा, एक ओळ हमखास सापडते: इंग्लंडकडून फुटबॉल आणि कसोटी क्रिकेट दोन्ही खेळलेला पहिला खेळाडू. ओळ खरी आहे. १८७७ मध्ये तो स्कॉटलंडविरुद्ध फुटबॉल खेळला, गोलही केला (इंग्लंड १-३ हरलं ते सोडा) आणि १८८० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी खेळला. माझी तक्रार पुढच्या वाक्याबद्दल आहे. तिथे बहुतेक वेळा 'अष्टपैलू प्रतिभा' येते. संशोधनाची तयारी करताय ना? मग इथे थांबा. निरीक्षणावरून थेट कारणावर उडी मारलीय.

आता निरीक्षणच नीट बघू. दोन्ही सामने लंडनच्या एकाच मैदानावर झाले, ओव्हलवर. हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट. एकाचा हंगाम दुसऱ्याच्या आड येत नव्हता. आणि खेळावर पोट भरायची गरजही त्याला नव्हती: ईटन, केंब्रिज, मग वकिली, पुढे मंत्रिपद. प्रतिभा नव्हती असं म्हणत नाहीये मी. १८८४ मध्ये याच ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने ५५१ धावा केल्या, इंग्लंडच्या अकराही जणांनी गोलंदाजी केली, तेव्हा या यष्टिरक्षकाने हाताखालून चेंडू टाकत १९ धावांत ४ बळी घेतले. काय मजा आली असेल! पण हे आपल्याला कळलं कशामुळे? कुणीतरी चेंडू त्याच्या हातात दिला म्हणून.

हाच प्रश्न बाळू पालवणकरांना लावून बघा. आडनाव आपल्या कोकणातलं, जन्म १८७६ चा, धारवाडचा. पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांची नोकरी. नेटमध्ये साहेबांना तासन् तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र तिथे त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही, असं रामचंद्र गुहांनी लिहिलंय. जात चांभार, म्हणून सामन्यात चहासुद्धा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, धावा फक्त ७५३. हे आकडे बघून 'फलंदाजी बेताची' असं लिहायला हात शिवशिवतो. आकडा बरोबर, पण त्यात कौशल्य आणि संधी दोन्ही मिसळलेत. तुमच्या तक्त्यात नेटमधल्या त्या वर्षांसमोर फलंदाजीच्या रकान्यात शून्य भरू नका, रकाना मोकळा ठेवा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. मोकळा म्हणजे मोजायलाच दिलं नाही. विश्लेषणात दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

तुलनेला घरातलंच उदाहरण आहे. धाकटे भाऊ विठ्ठल फलंदाज म्हणून नावाजले आणि १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे तुमचे गाइड सांगतीलच. पण विठ्ठलांनी मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलंय. ते वाचताना धावा मोजत बसू नका. बॅट कुणी दिली, किती वाजता, कुठल्या मैदानावर, ते टिपा.