साक्ष, धर्मग्रंथ आणि संदेष्टा : मॉर्मन परंपरेतील प्रामाण्यविचाराची चिकित्सा

प्रस्तावना :

कोणत्याही धर्मपरंपरेत प्रामाण्याचा प्रश्न अटळ असतो. ग्रंथ प्रमाण मानावा, अधिकारी पुरुषाचे वचन प्रमाण मानावे की स्वतःचा अनुभव, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक परंपरा आपल्या परीने देते. 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' म्हणजेच मॉर्मन पंथाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. या पंथाचा प्रमुख धर्मग्रंथ छापखान्याच्या युगात जन्मला. 'बुक ऑफ मॉर्मन'ची पहिली आवृत्ती मार्च १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पामायरा येथे पाच हजार प्रतींत छापली गेली आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी पंथाची स्थापना झाली. त्यामुळे ग्रंथनिर्मितीची कागदपत्रे, समकालीनांचे जबाब आणि विरोधकांचे आक्षेप हे सर्व अभ्यासकांसमोर उपलब्ध आहे.

या ग्रंथासंबंधीच्या वादात दोन्ही पक्ष प्रायः एकाच प्रश्नाभोवती फिरतात : ग्रंथ खरा की बनावट? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, खरा पेच ग्रंथ, संदेष्टा आणि व्यक्तिगत साक्ष या तीन प्रमाणांच्या परस्परसंबंधात आहे. या तिघांत विरोध निर्माण झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय या परंपरेचे आकलन पूर्ण होत नाही.

साक्षीचे स्थान :

संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांच्या कथनानुसार एका देवदूताने दाखविलेली सुवर्णपत्रे त्यांना १८२७ मध्ये प्राप्त झाली व त्यांचा अनुवाद त्यांनी ईश्वरी साहाय्याने केला. ही पत्रे आज पाहावयास उपलब्ध नाहीत. मूळ पुरावा नसल्यामुळे त्याची जागा साक्षीने घेतली. ग्रंथासोबत प्रथम तीन व नंतर आठ साक्षीदारांची निवेदने छापण्यात आली. ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात तर वाचकालाच आवाहन आहे की, त्याने प्रामाणिकपणे प्रार्थना करावी, म्हणजे पवित्र आत्मा त्याला सत्याची प्रचीती देईल. आजही महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास करून सभासद सभेत उभे राहून आपली साक्ष देतात.

ही व्यवस्था एका अर्थाने अत्यंत लोकशाहीवादी आहे. शेतकरी असो वा विद्वान, प्रत्येकास सत्याची प्रचीती स्वतः घेण्याचा अधिकार येथे आहे. तथापि, या अधिकाराला फार लवकर मर्यादा घालावी लागली. सप्टेंबर १८३० मध्ये आठ साक्षीदारांपैकी हायरम पेज यांनी एका दगडाच्या साहाय्याने आपणासही प्रकटीकरणे होत असल्याचे सांगितले. त्यावर स्मिथ यांना झालेल्या प्रकटीकरणाने निर्णय दिला की, संपूर्ण मंडळीसाठी प्रकटीकरण स्वीकारण्याचा अधिकार एकट्या संदेष्ट्याचा आहे. सामान्य श्रद्धावंताचा अनुभव त्याच्या स्वतःच्या जीवनापुरता प्रमाण ठरला. पंथ टिकण्यासाठी हा निर्णय आवश्यक होता, हे मान्य करावे लागते. मात्र तेव्हापासून साक्षीला दुजोरा देण्याचा अधिकार राहिला, नकार देण्याचा नाही.

साक्ष आणि इतिहास :

टीकाकारांचा भर ऐतिहासिक विसंगतींवर असतो. ग्रंथात प्राचीन अमेरिकेत घोडे व पोलाद असल्याचे उल्लेख आहेत. पुरातत्त्वातून त्यांना आधार मिळत नाही. १९८१ च्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात ग्रंथातील लॅमनाइट लोकांना अमेरिकेतील आदिवासींचे 'मुख्य पूर्वज' म्हटले होते. २००६ पासून त्याजागी ते 'पूर्वजांपैकी' असल्याचा सौम्य शब्दप्रयोग आला. 'बुक ऑफ अब्राहम'चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. स्मिथ यांनी १८३५ मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसांवर आधारित म्हणून हा मजकूर १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला व १८८० मध्ये त्याला धर्मग्रंथाचा दर्जा मिळाला. नष्ट झाल्याचे समजले गेलेले काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून चर्चकडे आले. ते मृतांसाठीच्या सामान्य अंत्यविधी-संहितेचे असल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले. तुकड्यांवरील मजकूर व छापील अनुवाद यांचा मेळ बसत नाही, हे चर्चनेही २०१४ मधील निबंधात मान्य केले.

यावर अनेक श्रद्धावंतांचे उत्तर असे की, आम्हास अंतःकरणात प्रचीती आली आहे. हे उत्तर अप्रामाणिक नाही. पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. ग्रंथाने माझे जीवन बदलले काय, याची ग्वाही अंतःकरण देऊ शकते. पपायरसावर काय लिहिले आहे, हे मात्र ती लिपी वाचूनच ठरते. उलटपक्षी, लिपितज्ज्ञाचा निष्कर्ष श्रद्धावंताचा अनुभव खोटा ठरवीत नाही. टीकाकारांचे येथेच चुकते : ते अनुभवाला भ्रम म्हणून झटकतात आणि संवादाचा मार्ग बंद करतात.

साखळी आणि तिचा दुवा :

'बुक ऑफ मॉर्मन'च्या याच प्रास्ताविकात एक अनुमानसाखळी आढळते. ज्याला ग्रंथाची सत्यता पटेल, त्याला त्याच आत्मिक सामर्थ्याने जोसेफ स्मिथ संदेष्टा असल्याचे व हे चर्च ईश्वराचे राज्य असल्याचेही पटेल. ही साखळी तार्किकदृष्ट्या अपरिहार्य आहे काय? पहिल्या तीन साक्षीदारांपैकी डेव्हिड व्हिटमर यांचे जीवन याचे नकारार्थी उत्तर देते.

व्हिटमर १८३८ मध्ये पंथाबाहेर पडले. ऑलिव्हर काउडरी व मार्टिन हॅरिस हे इतर दोघेही दुरावले होते. परंतु ते पुढे परतले. व्हिटमर अखेरपर्यंत परतले नाहीत. असे असूनही त्यांनी ग्रंथाविषयीची साक्ष कधीच मागे घेतली नाही. १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्यांनी ग्रंथ ईश्वरी असल्याचे ठामपणे सांगितले व स्मिथ यांच्या नंतरच्या प्रकटीकरणांवर कठोर टीका केली. त्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे. ज्या ईश्वरी वाणीने ग्रंथाची ग्वाही दिली, तिनेच १८३८ मध्ये मला या मंडळीपासून वेगळे होण्यास सांगितले. पहिल्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवता, तर दुसऱ्या वेळी का नाही? चर्च त्यांची पहिली साक्ष आजही ग्रंथासोबत छापते. दुसरी स्वीकारत नाही. ही निवड साक्षीच्या स्वरूपावरून झालेली नाही. संस्थेने ती आपल्या अधिकारात केली आहे.

जेन मॅनिंग जेम्स :

या प्रश्नाची मानवी किंमत जेन मॅनिंग जेम्स यांच्या चरित्रात दिसते. या कृष्णवर्णीय स्त्रीने १८४३ मध्ये कनेक्टिकटहून नॉव्हू येथे येताना शेकडो मैल पायी प्रवास केला, स्मिथ यांच्या घरी काम केले आणि १८४७ मध्ये त्या यूटाला पोहोचल्या. १८५२ मध्ये ब्रिगम यंग यांनी कृष्णवर्णीयांना याजकपद नाकारणारे धोरण जाहीर केले. त्याच आधारे मंदिरातील सर्वोच्च विधीही त्यांच्यासाठी बंद झाले. जेन यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. १८९४ मध्ये त्यांना स्मिथ यांच्याशी केवळ 'सेविका' म्हणून विधिपूर्वक जोडण्यात आले. त्यांचे १९०८ मध्ये निधन झाले. तोवर त्यांची श्रद्धा अढळ होती.

आता तिन्ही प्रमाणे शेजारी ठेवून पाहावीत. कातडी काळवंडण्याच्या शापाची कथा 'बुक ऑफ मॉर्मन'मध्ये आहे, हे खरे. परंतु काळे-गोरे सर्व ईश्वराला समान आहेत, असेही तोच ग्रंथ स्पष्टपणे सांगतो. या वचनाचे बळ जेन यांच्या बाजूस होते आणि त्यांची साक्षही निःसंशय होती. तरीही निर्णय संदेष्ट्याचाच राहिला. जून १९७८ मध्ये नव्या प्रकटीकरणाने निर्बंध उठला आणि २०१३ मध्ये चर्चने त्यामागील जुन्या वांशिक उपपत्ती नाकारल्या. जेन यांच्यासाठी तो विधी १९७९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी, प्रतिनिधीमार्फत झाला.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, व्यक्तिगत साक्ष ही श्रद्धेच्या क्षेत्रात खरे प्रमाण आहे. ऐतिहासिक प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेरचे आहेत. दुसरा, ग्रंथावरील विश्वासातून संदेष्ट्याचा अधिकार आपोआप सिद्ध होत नाही. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, जी परंपरा प्रत्येकास ईश्वराला थेट विचारण्याचे आवाहन करते, तिने विपरीत उत्तर ऐकण्याचीही सोय ठेवावयास हवी. ती नसेल, तर चूक दुरुस्त होण्यासाठी पिढ्यानपिढ्या वाट पाहावी लागते आणि तिचे मूल्य सर्वाधिक निष्ठावंतांनाच चुकवावे लागते. जेन यांनी विचारलेला प्रश्न ग्रंथाच्या खरेपणाविषयी नव्हताच. तो ग्रंथातील वचन आपल्यालाही लागू आहे काय, एवढाच होता.