होडीतून दिसणारा द्राक्षमळा

फेब्रुवारी संपत आला की इथे सालमियाच्या सुपरमार्केटात भारतातली द्राक्षं दिसायला लागतात. मी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचते. नाशिक लिहिलेलं दिसलं की डबा ट्रॉलीत. कुवेतमध्ये वाइन विकायला बंदी आहे आणि वाहती नदी एकही नाही. म्हणजे नदीकाठच्या वाइनवर लिहायला याहून विचित्र जागा शोधूनही सापडली नसती.

विषय निघाला मागच्या भागाच्या गप्पांमधून. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, ‘नाशिक म्हणजे भारताची नापा व्हॅली!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी परदेशी मित्रांना ऐकवलंय. मीही ऐकवलंय. पण माझी पीएचडी जर्मनीत झाली, मोझेल नदीच्या काठी, आणि तेव्हापासून मला वाटतं की तुलना करायचीच तर नापाऐवजी मोझेलशी करावी. तिथल्या दोन लेखनांमुळे मला असं वाटतं.

मोझेल ही ऱ्हाइनची उपनदी. फ्रान्समधून, लक्झेंबर्गच्या हद्दीवरून ती जर्मनीत येते आणि कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते. काठावर पाटीच्या दगडाचे उभे उतार आहेत आणि त्यावर रीसलिंग जातीच्या वेली. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा मळा तर साधारण 65 अंशांत चढतो. अशा जागी ट्रॅक्टर चालत नाही. माणूसच चढतो, छाटतो, पाट्या भरून उतरतो.

पहिलं लेखन आहे ऑसोनियस या रोमन कवीचं. हा मूळचा बोर्दोचा. राजपुत्राचा शिक्षक म्हणून तो ट्रिअरच्या दरबारी आला आणि इ.स. 371च्या सुमारास त्याने ‘मोझेला’ ही 483 ओळींची लॅटिन कविता लिहिली. कविता खरंच सुंदर आहे. नदीतल्या माशांची लांबलचक यादी, काठावरचे वाडे, आणि संध्याकाळी पाण्यात पडलेलं वेलींचं प्रतिबिंब. मळ्यात राबणारी माणसंही त्यात आहेत, पण कशी? डोंगरावरून एकमेकांना हाका मारणारी, आनंदी. रेंगाळलेल्या मजुरांना वाटसरू आणि नावाडी गमतीने चिडवतात. त्यांच्या कष्टाला कवितेत आवाज आहे, पण किंमत नाही. द्राक्षमळा होडीतून जसा दिसतो, तसाच कवीने लिहिला.

दुसरं लेखन जवळपास पंधराशे वर्षांनंतरचं. जानेवारी 1843, कोलोनचं ‘ऱ्हाइनिशे त्सायटुंग’ हे वर्तमानपत्र. संपादक 24 वर्षांचा, जन्म ट्रिअरचा, नाव कार्ल मार्क्स. मोझेलच्या शेतकऱ्यांच्या हलाखीवर पेपरात मजकूर आला तेव्हा सरकारने पुरावे मागितले. मार्क्सने लेखमाला लिहून उत्तर दिलं.

पार्श्वभूमी अशी. 1815 नंतर हा भाग प्रशियाकडे गेला. जकातीमुळे बाहेरच्या वाइनपासून संरक्षण मिळालं, म्हणून लोकांनी जास्त लागवड केली. 1834 मध्ये जर्मन राज्यांचा जकात संघ झाला, दक्षिणेची वाइन आत आली आणि भाव पडले. कर आणि कर्ज मात्र होतं तिथेच राहिलं. मार्क्सचा मुद्दा असा की अधिकाऱ्याला स्वतःचा अहवाल शेतकऱ्याच्या तक्रारीपेक्षा नेहमीच खरा वाटतो, आणि मग उपाय म्हणून तो शेतकऱ्यालाच सवयी बदलायला सांगतो. म्हणून दोघांच्या मध्ये मोकळं वर्तमानपत्र हवं. त्याच वसंतात त्या वर्तमानपत्रावर बंदी आली. पुढे 1859 मध्ये मार्क्सने स्वतः लिहिलं की आपल्याला अर्थशास्त्राकडे वळवणाऱ्या प्रश्नांमध्ये मोझेलच्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता.

आता नाशिक. नाशिकचा माणूस गोदावरीवर जात नाही, ‘गंगेवर’ जातो. गोदाकाठाच्या सौंदर्याची परंपरा आपल्याकडे गाथासप्तशतीइतकी जुनी आहे. वाइनची गोष्ट मात्र कालची. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभं केलं. गंगापूर धरणाच्या पाण्याकडे बघत ग्लास उंचावलेले फोटो आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. हे फोटो म्हणजे ऑसोनियसच. खोटं काही नाही त्यात, पण सगळं होडीतूनच पाहिलेलं.

माझ्या मामाची निफाड तालुक्यात बाग आहे. त्या उत्साहाच्या काळात त्याने एका वायनरीशी करार करून दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली. 2008 नंतर मंदी आली, मागणी घसरली, अनेक वायनऱ्यांत साठा पडून राहिला. मामाचा माल कुणी उचलला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. म्हटलं, ‘मग बाजारात विक ना.’ तो हसला. ‘अगं, मणी बारीक, साल जाड, आत बी. खायला कोण घेणार?’ वाइनच्या द्राक्षाला वायनरी सोडून गिऱ्हाईकच नसतं. हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याने बाग काढली आणि पुन्हा खायची द्राक्षं लावली. त्या काळात जिल्ह्यात असं करणारा तो एकटा नव्हता.

नापाच्या तुलनेत हे कुठेच बसत नाही. मामाचं वर्षही बसत नाही: एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चात माल. जर्मनीतली वेल हिवाळाभर झोपते. नाशिकची झोपत नाही, आणि तिच्यावर राबणारी पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबंही नाहीत. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा केवढा वाद पेटला. वाइन दारू आहे की नाही, यावर सगळे बोलले. शेतकऱ्याचं नावही सगळ्यांनी घेतलं. किलोला भाव किती, करार मोडला तर जबाबदारी कुणाची, हे प्रश्न त्या गोंगाटात मागेच पडले.

मार्क्सलाही एक बोल लावायला हवा. त्याच्या लेखात नदीचं सौंदर्य शोधायला गेलात तर निराश व्हाल. सगळी कागदपत्रं आणि युक्तिवाद. शिवाय हे त्याने लिहिलं कोलोनमध्ये बसून, मळ्यापासून दूर. पण आपल्यासारख्यांना यातच थोडा धीर आहे. दूर राहणाऱ्यालाही हिशोब विचारता येतो, फक्त तिथल्या माणसाचं म्हणणं अहवालाइतकंच खरं मानायला हवं. ऑसोनियस वाचूच नका असं मी म्हणत नाही. मोझेलकडे दोन्ही आहेत, आणि म्हणून तो प्रदेश मला पूर्ण वाटतो. नाशिकच्या वाइनबद्दल आपण परदेशात जे सांगतो, त्यात दुसरा अर्धा भाग अजून आलेला नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गंगापूरच्या बाजूला गेलात तर फोटो जरूर काढा. पण वाटेत दिंडोरी किंवा निफाडला कुणी नातेवाईक असेल तर तासभर थांबा आणि विचारा: 2009 मध्ये तुमच्या बागेचं काय झालं? परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. मामाला मी फोनवर विचारलं, बाग काढतानाचा एखादा फोटो आहे का? तो म्हणाला, ‘त्या दिवशी कोण फोटो काढतंय?’