स्मृतिभ्रंश आणि उपचारोद्यान : एक आक्षेप

अल्झायमर रोगावर उद्यान हा उपचार होय, या मताच्या पुष्ट्यर्थ रॉजर उल्‌रिख यांचा १९८४ चा निबंध पुढे केला जातो. तो पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे पाहणाऱ्या रुग्णांविषयीचा. ६९ वर्षांवरील रुग्ण त्यात वगळलेच होते! एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये १७ अभ्यास तपासले, तेव्हा अस्वस्थता उणावण्याची आशा दिसली. पुरावा मात्र तोकडा. अशा उद्यानाचे खरे मोल त्याच्या वाटेत आहे. ती कोठेही न खुंटता वळून दारापाशीच येते. परतीची वाट आठवण्याचा भार रुग्णावर पडत नाही. पण ते दार उघडे असावयास हवे. बाग धोक्याची वाटते, सेवकांना सवड नसते, या अडचणी त्याच संशोधकांनी नोंदविल्या आहेत.