उपहास आणि टाळ्या

व्यंगचित्रांची मालिका म्हटली कीं ती मुलांसाठीं, अशी आपल्या घरोघरीं अजून समजूत आहे. त्या समजुतीवर विसंबून ‘बून्डॉक्स’ ही अमेरिकन मालिका कोणी आपल्या मुलाबाळांपुढें लावली, तर पहिल्या दोन मिनिटांतच त्या गृहस्थाची धांदल उडाल्यावांचून राहणार नाहीं. आमची तशी उडाली, हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. एका माजी विद्यार्थ्याच्या शिफारशीवरून आम्ही सहकुटुंब पाहावयास बसलों आणि थोड्याच वेळांत घरांतील मंडळींस कांहीं ना कांहीं कामें आठवूं लागलीं. आम्ही मात्र बसून राहिलों, चारी पर्वें पाहिलीं आणि पहिलें पर्व दुसऱ्यांदां पाहिलें.

ह्या मालिकेचा कर्ता आरन मॅग्रूडर. मेरीलंड विद्यापीठांत शिकत असतांना १९९६ सालीं विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत त्यानें ह्याच नांवाची चित्रपट्टी काढण्यास आरंभ केला. १९९९ पासून ती देशभरच्या दैनिकांत येऊं लागली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सारा देश शोकानें व संतापानें भारलेला असतां ह्या पट्टीनें सरकारची आणि देशभक्तीच्या प्रदर्शनाचीच थट्टा मांडली; तेव्हां कांहीं दैनिकांनीं ती काहीं काळ गाळली. ६ नोव्हेंबर २००५ रोजीं कार्टून नेटवर्कच्या प्रौढांसाठीं राखलेल्या ‘अडल्ट स्विम’ ह्या रात्रीच्या विभागांत तिचें चलच्चित्ररूप प्रथम दिसलें आणि २०१४ पर्यंत, मध्यें मोठाले खंड पडत, एकूण ५५ भाग झाले.

कथा थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. रॉबर्ट फ्रीमन नांवाचे आजोबा शिकागोची आपली जुनी वस्ती सोडून दोन नातवांसह वुडक्रेस्ट नांवाच्या कल्पित, गोऱ्या व सधन उपनगरांत राहावयास येतात. ‘बून्डॉक्स’ हा शब्द फिलिपाइन्समधील टागालोग भाषेंतील डोंगर ह्या अर्थाच्या शब्दावरून इंग्रजींत आला. आडरान हा त्याचा रूढ अर्थ. हिरवळीच्या आणि बंगल्यांच्या गांवाला आडरान म्हणण्यांतच कर्त्याचा पहिला टोमणा आहे. थोरला नातू ह्यूई दहा वर्षांचा. त्याचें नांव ह्यूई न्यूटन ह्याच्यावरून ठेवलेलें. त्यानें स्थापिलेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्याच नांवावरून मुंबईंत १९७२ सालीं दलित पँथर उभी राहिली, हें वाचकांस ठाऊक आहेच. हा मुलगा वयाच्या मानानें फार वाचलेला आणि म्हणूनच कीं काय, सहसा न हसणारा. धाकटा रायली आठ वर्षांचा. त्याला पुस्तकें नकोत, रॅप गाणाऱ्यांची गुंडगिरीची ऐट हवी. दोघांचेही आवाज रेजिना किंग ह्या एकाच अभिनेत्रीनें दिले आहेत, आणि दोघे भांडूं लागले म्हणजे तें ध्यानांतही येत नाहीं. आजोबांस उतारवयांत फक्त स्वस्थता हवी आहे. रोझा पार्क्स बाईंनीं बसमधली जागा सोडली नाहीं तेव्हां शेजारीं आपणही बसून होतों, मग कीर्ति एकट्या त्यांनाच कां, ही त्यांची जन्माची तक्रार!

पहिल्याच भागांत ह्यूई स्वप्न पाहतो. गोऱ्या श्रीमंतांच्या मेजवानींत उभा राहून तो त्यांच्या देवाविषयीं व त्यांच्या पुढाऱ्यांविषयीं दोनचार स्फोटक वाक्यें बोलतो आणि मोठी दंगल उसळते. आजोबांच्या चपराकीनें त्याला जाग येते. पुढें वन्क्लर नांवाच्या धनिकाच्या बागेंतील मेजवानीस जाण्याचा प्रसंग खरोखरच येतो. ह्यूई तीं वाक्यें तेथें बोलतो. दंगल होत नाहीं. लोक टाळ्या वाजवितात! मुलगा किती शुद्ध, किती स्पष्ट बोलतो, असें एकमेकांस सांगतात. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जी हताशता येते, तिच्यांत साऱ्या मालिकेचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. शिव्या खाल्लेला टीकाकार निदान आपण बोललों तें लागलें एवढें समाधान तरी घरीं नेतो. ज्याचें कौतुक झालें त्यानें काय न्यावें? उपहास लिहिणाऱ्याला हा धोका नेहमींचाच आहे. परंतु स्वतःच्या पहिल्याच भागांत त्याची कबुली देणारा लेखक आम्हीं दुसरा पाहिला नाहीं.

हाच प्रश्न अंकल रकस ह्या पात्रानें अधिक बिकट केला आहे. रकस हा साऱ्या पात्रांत काळा. पण आपण जन्मतः गोरे असून उलट्या कोडामुळें काळे पडलों, असें तो शपथेवर सांगतो. आपल्या लोकांस तो शिव्या घालतो आणि गोऱ्यांपुढें वाकतो. एका भागांत त्याची जनुकपरीक्षा होते व तो १०२ टक्के आफ्रिकी ठरतो. दोन टक्के चूकभूल द्यावी घ्यावी म्हणून! (हा भाग आणि आणखी एक, कृष्णवर्णीयांसाठींच चालणाऱ्या एका वाहिनीची त्यांत निर्भर्त्सना असल्यामुळें, २००८ सालीं अमेरिकेंत दाखविले गेले नाहींत.) पात्र अतोनात हसवितें. त्याचा एक तुकडा आम्हीं वर्गांत दाखविला, तेव्हां सारा वर्ग हसला, आम्हीही हसलों. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तेवढा हसला नाहीं. तास संपल्यावर तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “सर, आमच्या घरीं असे एक आहेत. आजोबांचे धाकटे भाऊ. गांवच्या पाटलाचें नांव निघालें तरी उठून उभे राहतात, आणि आम्ही शिकतों म्हणून आम्हांलाच हसतात.” ह्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. रकस मूर्ख आहे म्हणून त्याला हसणें सोपें. तो कोणी घडविला हें विचारल्यावर हसणें अवघड होतें. मॅग्रूडर हें विचारतो, पण प्रत्येक वेळीं नाहीं. कित्येक भागांत रकस नुसता विनोदाचें यंत्र होऊन राहतो, आणि मग त्या हसण्यांत ज्यांनीं हसूं नये असेही लोक सामील होतात.

ह्याउलट आर. केली ह्या गायकावरील दुसऱ्या भागाचें मोल काळानेंच वाढविलें. अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराचा त्याच्यावरचा खरा खटला २००५ मध्यें प्रलंबित होता. मालिकेंतील गर्दी तो ‘आपला’ म्हणून न्यायालयाबाहेर जयघोष करते. पकडला जाणारा प्रत्येक नामवंत मंडेला नसतो, असें ह्यूई त्यांस बजावतो, आणि गायक सुटतो. २००८ मध्यें प्रत्यक्षांतही तो सुटला. पुढें २०२१ मध्यें दुसऱ्या खटल्यांत दोषी ठरून २०२२ मध्यें त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली.

सर्वांत गाजला तो १५ जानेवारी २००६ चा भाग. १९६८ सालीं मार्टिन लूथर किंग मेले नाहींत, बेशुद्ध पडले आणि २००० सालीं जागे झाले, अशी त्यांत कल्पना आहे. मतदानास गेले तर त्यांस परत पाठवितात. २००१ च्या हल्ल्यानंतर शत्रूवर प्रेम करा म्हणतात, तर देशद्रोही ठरतात. शेवटीं आपल्याच लोकांच्या नाचगाण्यांत बुडालेल्या सभेपुढें त्यांचा तोल सुटतो व गोऱ्या मालकांनीं गुलामांस दिलेली ती शिवी त्यांच्याच तोंडून बाहेर पडते. अल शार्प्टन ह्यांनीं ह्यावर जाहीर निषेध केला. पूज्य पुरुषाच्या तोंडीं असे शब्द घातल्याचा त्यांचा राग आम्हांस समजतो. आमच्याकडे असें कोणी केलें असतें तर आम्हीही रागावलों असतों. परंतु हा राग मान्य करूनही आम्हांस म्हणावेंसें वाटतें कीं, पुतळ्याला हार घालून ज्याचें ऐकणें सोडून दिलें, त्याला पुतळ्यांतून उतरवून बोलता करण्यांत अपमानापेक्षां आदर अधिक आहे. त्या भाषणानंतर लोक रस्त्यावर उतरतात, देश बदलतो. आणि हें सारें आपलें स्वप्न, असें ह्यूई निरोपादाखल सांगतो. ह्या भागास पुढें पीबॉडी पारितोषिक मिळालें.

दोष पुष्कळ आहेत. स्त्रियांची थट्टा बहुधा उथळ आणि कित्येकदां ओंगळ आहे. शिव्यांचा वापर पुढें पुढें संवयीचा झाला आहे. चौथें पर्व मॅग्रूडरवांचून निघालें. त्यांत ह्यूई मुकाच झाल्यासारखा वाटतो, आणि तो गप्प झाल्यावर उरतात त्या नुसत्या कोलांट्या. आजोबांस आवाज देणारे जॉन विदरस्पून २०१९ मध्यें वारले. त्याच वर्षीं मालिका नव्यानें काढण्याचें जाहीर झालें होतें; २०२२ मध्यें तो बेत सोडण्यांत आला. आम्हांस त्याचें फारसें वाईट वाटलें नाहीं. पहिलें पर्व आहे तेथें आहे. मुलें निजल्यावर पाहावें.