वंशावळीसाठी सॉफ्टवेअर निवडताय? आधी तुमची सगळ्यात अवघड नोंद बाहेर काढा

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, घराण्याच्या इतिहासावर काम सुरू करतोय. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" प्रश्न साधा होता, पण मला दोन मिनिटं उत्तरच देता आलं नाही. कारण याच निवडीत मी स्वतः तोंडावर पडले आहे, आणि त्यात माझ्या घरातली एक बाई तीन वर्षं माझ्या नोंदींतून गायब झाली होती.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते. वंशावळ हा माझा विषय नाही, सुट्टीतला उद्योग आहे. पण या उद्योगाने मला डेटा कसा ठेवायचा हे प्रयोगशाळेपेक्षा जास्त शिकवलं. म्हणून संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हा लेख. तुमचा विषय कुठलाही असो, मुद्दा तोच आहे.

मी काय चुकले

सुरुवात मी एक्सेलने केली. एक माणूस, एक ओळ. नाव, जन्म, मृत्यू, आई, वडील, शेरा. तालुक्याच्या कचेरीत जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या बघायला मिळाल्या, त्यात पणजोबांच्या बायकोची मृत्यूची नोंद सापडली: ऑक्टोबर १९१८, कारण ताप. पण माझे आजोबा जन्मले १९३५ साली, आणि त्यांच्या आईचं नाव घरात सगळे तेच सांगत होते. १९१८ मध्ये वारलेली बाई १९३५ मध्ये बाळंत कशी होईल? मी ठरवलं, नोंद दुसऱ्या कुणाची तरी असणार. रकान्यातलं १९१८ खोडलं आणि पुढे गेले.

तीन वर्षांनी बाबांच्या आत्यांशी बोलत होते. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या. सहज म्हणाल्या, "अगं, थोरल्या आई त्या तापात गेल्या. मग आमची आई आली. आजीने तिचंही नाव तेच ठेवलं."

दोन बायका होत्या. सासरी नाव एकच. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे शरद ऋतूत सर्वात भयंकर होती, तेव्हा महिनासुद्धा जुळत होता. नोंद बरोबर होती, चूक माझी होती. आणि खोडताना मी वही कोणती, पान कोणतं, हेही खोडून बसले होते. परत कचेरीत गेले तर वह्या स्कॅनिंगला गेलेल्या. मोबाइलमधल्या चार हजार फोटोंमध्ये दोन आठवडे शोधल्यावर तो फोटो मिळाला, पण त्यात पानाचा कोपरा कापला गेला आहे. पान क्रमांक आजही माझ्याकडे नाही.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी काय शिकवतात? वहीत पेनने लिहा, चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. हे मी प्रयोगशाळेत रोज पाळत होते आणि घरी एका क्लिकने मोडत होते.

एक्सेलचा दोष काय?

एक्सेल वाईट नाही. शंभरेक माणसांची यादी, गाळणी लावणं, वर्षानुसार क्रम लावणं, यात ते झकास आहे. पण एका रकान्यात एकच उत्तर मावतं. "मृत्यूचं वर्ष" या चौकोनात एक वही १९१८ म्हणते आणि घरचे लोक वेगळं म्हणतात, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला जागाच नाही. त्यामुळे पुरावा आणि निष्कर्ष एकाच चौकोनात येतात, आणि निष्कर्ष बदलला की पुरावा पुसला जातो. शेऱ्याचा रकाना असतो, हे खरं. पण शेऱ्यात लिहायची शिस्त तुम्हाला लावावी लागते, तो चौकोन स्वतःहून मागत नाही.

हे फक्त एक्सेलचं नाही. प्रत्येक साचा त्याला हवा तोच प्रश्न विचारतो. जातपडताळणीला जोडायची वंशावळ बापाच्या बाजूने वर चढते, त्यात आईला जागा नसते. आपल्याकडे छापलेल्या कुलवृत्तांतांची मोठी परंपरा आहे, पण मुलींच्या पुढच्या पिढ्या बहुतेकदा त्यात नसतात, कारण त्या दुसऱ्या कुळात गेल्या. साचा बनवणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं नाही, ते तुमच्या नोंदींतही येत नाही. सॉफ्टवेअर हाही एक साचाच आहे.

ग्रॅम्प्स: काय जमतं

आता मी ग्रॅम्प्स वापरते. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००१ पासून चालू आहे, पायथनमध्ये लिहिलेलं आहे, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. दिसायला जुनाट आहे. पहिल्या दिवशी मी वैतागून बंद केलं होतं.

वैताग येतो कारण ते एका माहितीसाठी पाच ठिकाणी भरायला लावतं. माणूस वेगळा, कुटुंब वेगळं, घटना वेगळी, ठिकाण वेगळं. पुराव्याचे तर तीन थर: मूळ दस्त कुठे ठेवला आहे ती जागा, तो दस्त, आणि त्या दस्तातला नेमका संदर्भ, म्हणजे पान आणि तारीख. शिवाय प्रत्येक संदर्भावर तुमचा विश्वास किती, याची पाच पायऱ्यांची पट्टी. हीच कटकट मला १९१८ ला वाचवू शकली असती. आज माझ्याकडे पणजोबा दोन कुटुंबांत आहेत. थोरल्या पणजीच्या मृत्यूला दोन संदर्भ जोडले आहेत: कचेरीतली वही, आणि आत्याआजींची मुलाखत. मुलाखतीवर मी विश्वास "कमी" ठेवला आहे, कारण त्या स्वतः १९३८ च्या, म्हणजे त्यांनीही हे ऐकलेलंच. उद्या कुणी वेगळा कागद दाखवला तर तिसरा संदर्भ जोडेन. काहीही खोडायची गरज नाही.

नावांचंही तसंच. एका व्यक्तीला अनेक नावं देता येतात, त्यांचा प्रकार सांगता येतो: जन्माचं, लग्नानंतरचं, टोपणनाव. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असणाऱ्या आपल्या बायकांसाठी ही सोय नाही, गरज आहे. नावातला वडिलांचा भागही वेगळा ओळखता येतो. देवनागरीत सरळ लिहिता येतं.

ग्रॅम्प्स: कुठे अडतं

पण हे कौतुक एवढ्यावर थांबवते, कारण तीन गोष्टी खटकतात.

पहिली, कालगणना. ग्रॅम्प्सला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, इस्लामी, पर्शियन, फ्रेंच रिपब्लिकन एवढंच काय, स्वीडिश कॅलेंडरही कळतं. शके कळत नाही. मोडी कागद हाताळणाऱ्याला हे रोज टोचणार. "शके १८४०" म्हणजे १९१८, असं भरून टाकाल तर फसाल. शके वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनातली घटना १९१९ मध्ये पडते. मी मूळ मिती जशीच्या तशी टिपणात लिहिते, रूपांतर तारखेच्या जागी "सुमारे" किंवा "या काळात" असं देते. रूपांतर हा माझा निष्कर्ष आहे, मिती हा पुरावा.

दुसरी, फोटो. ग्रॅम्प्स फोटो स्वतःत साठवत नाही, तुमच्या फोल्डरचा पत्ता तेवढा लक्षात ठेवतं. फोल्डर हलवलं की दुवे तुटतात.

तिसरी, ते एकट्याचं साधन आहे. काकांनी त्यांच्या फोनवरून भर घालावी असं वाटत असेल तर ग्रॅम्प्स वेब नावाची वेगळी सोय आहे, पण त्यासाठी सर्व्हर उभा करावा लागतो.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

झोटेरो तुम्ही पुढे वापरणारच आहात. २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालं. संदर्भ सांभाळायला उत्तम, पण त्यात "माणूस" ही गोष्टच नाही, नातं कशाला जोडणार? त्याच केंद्रातून २०१७ मध्ये आलेलं ट्रॉपी मात्र जरूर बघा. दफ्तरखान्यात काढलेले फोटो एकेका दस्तात गोळा करायचे, प्रत्येकावर वही-पान-तारीख लिहायची, हे काम ते छान करतं. ते माझ्याकडे तेव्हा असतं तर ते दोन आठवडे वाचले असते. कापलेला कोपरा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

ऑनलाइन झाडांबद्दल सावध राहा. फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे, फुकट आहे. पण दिवंगत माणसाची तुम्ही भरलेली माहिती दुसरा कुणीही बदलू शकतो. शोधायला जा, पण मूळ प्रत तिथे ठेवू नका.

बाहेर पडता येतं का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. पीएएफ हे खूप वापरलं जाणारं फुकट सॉफ्टवेअर २०१३ मध्ये बंद झालं. पुराव्यांच्या बाबतीत काटेकोर म्हणून नावाजलेलं द मास्टर जीनिऑलॉजिस्ट २०१४ मध्ये थांबलं. फॅमिली ट्री मेकरची विक्री बंद करत असल्याचं अ‍ॅन्सेस्ट्रीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं, दोन महिन्यांनी ते दुसऱ्या कंपनीने घेतलं म्हणून वाचलं. सॉफ्टवेअर तुमच्या संशोधनाआधी मरू शकतं.

यावर उत्तर म्हणून सगळे गेडकॉमचं नाव घेतात. १९८४ पासूनचा हा देवाणघेवाणीचा नमुना बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं वाचतात. पण तो अमृत नव्हे. यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी नीट टिकवणारी लिपीसंहिता, त्यात १९९९ च्या मसुद्यात आली आणि २०२१ च्या ७.० आवृत्तीत सक्तीची झाली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडाल तर नावांच्या जागी चौकोन दिसू शकतात. शिवाय ग्रॅम्प्समधलं सगळं गेडकॉममध्ये मावत नाही. म्हणून मी दर महिन्याला दोन प्रती काढते: एक ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या एक्सएमएलमध्ये फोटोंसकट, दुसरी गेडकॉममध्ये.

मग निवडायचं कसं?

डेमो बघून निवडू नका. डेमोमध्ये सगळ्यांची लग्नं एकदाच होतात आणि तारखा माहीत असतात. तुमच्याकडची सगळ्यात अवघड पाच माणसं घ्या: दोनदा लग्न झालेला, दत्तक गेलेला, नाव बदललेली, तारीख न कळलेली, दोन कागदांत दोन वयं असलेला. तीच पाच माणसं दोन सॉफ्टवेअरमध्ये भरा आणि तीन प्रश्न विचारा. एकमेकांशी न पटणारे दोन पुरावे इथे एकत्र राहतात का? सहा महिन्यांनी एखाद्या विधानावरून मूळ कागदाच्या पानापर्यंत परत जाता येईल का? आणि उद्या हे बंद पडलं तर सगळं घेऊन बाहेर पडता येईल का? झाड छापल्यावर कसं दिसतं, हा चौथा प्रश्न. तो चौथाच राहू द्या.

ही चाचणी वंशावळीपुरती नाही. उद्या तुम्ही नमुने गोळा कराल, मुलाखती घ्याल, रीडिंग्ज घ्याल. न जुळणारं एक रीडिंग येईल आणि हात डिलीटकडे जाईल. तेव्हा ते खोडू नका, संदर्भासकट बाजूला ठेवा.

माझ्या ग्रॅम्प्समध्ये थोरल्या पणजीच्या माहेरच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. ते सांगू शकेल असं घरात कुणी उरलेलं नाही. आत्याआजींनाही ते माहीत नाही. पण आता ती जागा आहे, आणि रिकामी आहे हे मला दिसतं.