लांबीवरून रुंदी: ले-आउटमधील रस्त्यांच्या मानकांची तपासणी

नगररचनेच्या तासाला ले-आउटचा धडा आला की मुले सगळ्यात आधी एक तक्ता पाठ करतात. डावीकडच्या स्तंभात रस्त्याची लांबी असते आणि उजवीकडच्या स्तंभात रुंदी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत निवासी ले-आउटसाठी १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० मीटरपर्यंत १२ मीटर आणि त्यापुढे १५ मीटर अशी चढण आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत ६ मीटरचा रस्ता ७५ मीटरपर्यंत, ७.५ मीटरचा १५० पर्यंत, ९ मीटरचा २५० पर्यंत आणि १२ मीटरचा ४०० पर्यंत चालतो. परीक्षेत हे आकडे विचारले जातात. त्यांचे कारण मात्र विचारले जात नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. २०० मीटर लांबीच्या एकाच रस्त्याला संहिता ९ मीटर पुरे म्हणते आणि नियमावली १२ मीटर मागते. दोन्ही बरोबर असू शकतात, पण कशाच्या हिशेबाने बरोबर हे दोन्ही तक्ते सांगत नाहीत. लांब रस्त्यावर घरे जास्त, म्हणून रहदारी जास्त, म्हणून रुंदी जास्त, असा त्यामागचा विचार असावा. सगळे भूखंड बंगल्यांचे असताना हा विचार ठीक होता. लांबी मोजली की घरे मोजल्यासारखेच होते.

आता हिशेब करून पाहू. १५० मीटर लांब, ९ मीटर रुंद रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना १५ × २० मीटरचे, म्हणजे ३०० चौरस मीटरचे भूखंड. प्रत्येक बाजूला दहा, एकूण वीस. वीस बंगले, वीस कुटुंबे. याच नियमावलीत महानगरपालिका क्षेत्रात, दाट वस्तीबाहेर, ९ ते १२ मीटर रस्त्यावरच्या भूखंडाला मूळ १.१० चा चटई क्षेत्र निर्देशांक प्रीमियम आणि टीडीआर मिळवून २.०० पर्यंत नेता येतो. पूरक क्षेत्र त्याखेरीज. वीस भूखंडांचे ६,००० चौरस मीटर, त्यावर १२,००० चौरस मीटर बांधकाम. एका सदनिकेला ७५ चौरस मीटर धरले तर १६० सदनिका. रस्त्याची लांबी अजूनही १५० मीटरच आहे, त्यामुळे तक्त्याच्या मते काहीच बदललेले नाही. वीस कुटुंबांचा रस्ता १६० कुटुंबांनी वापरायचा आणि नियमभंग कुठेही झालेला नाही! एकाच पुस्तकाच्या एका प्रकरणात लांबीवरून रुंदी ठरते, दुसऱ्या प्रकरणात रुंदीवरून घनता ठरते, आणि घनतेवरून पुन्हा रुंदी तपासायला कोणी परत येत नाही.

कोणी म्हणेल, ९ मीटर म्हणजे काही गल्ली नव्हे. खरे आहे, पण त्या ९ मीटरचा छेद कागदावर काढून बघा. मी दरवर्षी वर्गात हा छेद काढायला लावतो, आणि शांतता पसरायला पाच मिनिटे पुरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. दोन बाजूंचे ३.६ गेले, उरले ५.४ मीटर. झाडे, विजेचे खांब, फीडर पिलर आणि पावसाळी गटाराची झाकणे यांना एका बाजूला एक मीटर द्या; उरले ४.४. तिथे एकच मोटार उभी राहिली तर तिचे १.८ मीटर वजा, म्हणजे वाहतुकीला २.६ मीटर. अग्निशमन दलाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. इमारतीच्या आवाराचे प्रवेशद्वार बंबासाठी ६ मीटरपेक्षा अरुंद नसावे असे इमारत संहिता बजावते. म्हणजे फाटकातून बंब आरामात आत जाईल, पण त्याला आधी फाटकापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

प्रत्यक्षात या तिढ्यातून वाट काढली जाते ती पदपथ गाळून. मधोमध साडेपाच-सहा मीटर डांबर पडते आणि दोन्ही कडांच्या दीड-दोन मीटरच्या पट्ट्या कोणाच्याच नसतात. मग जोते उंच घेतलेला घरमालक मोटारीचा उतार तिथे आणतो, शेजारी तुळशी-जास्वंदीच्या कुंड्यांना जाळी लावतो, पलीकडचा जनरेटर ठेवतो. अतिक्रमण म्हणून त्यांच्यावर खापर फोडणे सोपे आहे. पण मंजूर नकाशावर ‘९ मी. रुंद रस्ता’ एवढीच दोन समांतर रेघांची खूण असेल आणि आडवा छेद मागितलाच गेला नसेल, तर ती पट्टी कशासाठी आहे हे रहिवाशाला कुठून कळणार? रस्त्याचे मानक म्हणजे केवळ रुंदी ही समजूत मला या सगळ्या नियमांतली सर्वांत महागडी चूक वाटते. व्हीलचेअरवरच्या आजीला किंवा शाळेतून चालत येणाऱ्या मुलाला ९ हा आकडा दिसत नाही. त्यांना पायाखालचे १.८ मीटर दिसतात, किंवा दिसत नाहीत.

टप्प्यांच्या तक्त्याचा आणखी एक परिणाम नकाशावर लगेच ओळखता येतो. १५० मीटर ओलांडले की तीन मीटर जास्त जमीन द्यावी लागते, म्हणून रस्ता १४५ मीटरवर थांबतो. पलीकडच्या सर्व्हे नंबरचा रस्ताही तसाच अलीकडे थांबतो. मध्ये भिंत. दोन वसाहतींतले लोक एकमेकांच्या स्वयंपाकघरातली फोडणी ऐकू शकतात, पण भेटायला मुख्य रस्त्याला वळसा घालून जातात. एका भूमापन क्रमांकापुरते पाहिले की असे होणारच. गुजरातमध्ये नगररचना योजनांची पद्धत टिकून राहिली. तिथे अनेक मालकांच्या जमिनी एकत्र घेऊन रस्ते आखतात आणि मग भूखंड पुन्हा आखून परत देतात. मुळात ही पद्धत १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातून आलेली, म्हणजे आपल्याच घरातली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यातही ती आहे. वापर मात्र फार कमी झाला.

भूखंडाच्या मापांकडे वळू. विद्यार्थी इथे क्षेत्रफळ पाहतात आणि दर्शनी रुंदी विसरतात. १५ × २० आणि १० × ३० हे दोन्ही ३०० चौरस मीटरचेच. पहिल्यात प्रत्येक भूखंडाच्या वाट्याला समोरासमोर धरून ७.५ मीटर रस्ता येतो, दुसऱ्यात ५ मीटर. ९ मीटर रुंदीला हे अनुक्रमे ६७.५ आणि ४५ चौरस मीटर झाले. जलवाहिनी, मलवाहिनी, दिवे यांचा खर्चही त्याच प्रमाणात. अरुंद दर्शनी भागाला सामासिक अंतरे जड जातात, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडले की ७ मीटरच उरतात, हे मान्य. पण हा व्यवहार रस्ता, भूखंड आणि सामासिक अंतर एका टेबलावर ठेवून ठरवायचा असतो, आणि नियमांत तिन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत बसलेले आहेत.

ज्याला ही मानके परवडत नाहीत तो गुंठेवारीत जातो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. समोर पंधरा-वीस फुटांची वाट, विक्रीचा करार आणि वरून मातीचा भराव. महाराष्ट्राने २००१ मध्ये अशा वस्त्या नियमित करण्याचा कायदा केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. मानक आणि माफी यांच्यामध्ये गरिबासाठी वेगळी, कमी पण विचारपूर्वक आखलेली मानके असायला हवी होती. ती अशक्य नव्हती. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात सुमारे ३५ चौरस मीटरचे भूखंड आखले, पाणी-मलनिस्सारणाची सोय आधी दिली आणि घर मालकाला हळूहळू वाढवू दिले. तिथल्या आतल्या वाटा अरुंद आहेत, कारण त्या चालण्यासाठी आणि ओट्यावर बसण्यासाठी आहेत. मोटारींचे रस्ते वेगळे. मुंबईत चारकोपला म्हाडाने त्याच सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने छोटे भूखंड सामाईक अंगणांभोवती बसवले. आपला लांबी-रुंदीचा तक्ता लावला तर अरण्यमधल्या कितीतरी वाटा नापास होतील.

पुढच्या प्रात्यक्षिकासाठी आपल्या गावातल्या मंजूर ले-आउटचा एक ९ मीटर रस्ता निवडा. टेप घेऊन कुंपणापासून कुंपणापर्यंत, डांबराच्या कडेपासून कडेपर्यंत आणि अडथळ्याविना चालता येईल तेवढी, अशी तीन मापे दर वीस मीटरवर घ्या. त्या रस्त्यावर दारे किती उघडतात तेही मोजा आणि चौथ्या स्तंभात लिहा.