आईचा आशीर्वाद आणि कवटीचा उजेड

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक माता रविवारच्या मिस्सानंतर माझ्याकडे आली. तिच्या हातात मोठ्या आकाराचे, पातळ, सचित्र पुस्तक होते. परदेशी असलेल्या मामाने आपल्या नऊ वर्षांच्या भाचीला ते भेट म्हणून पाठवले होते. "फादर, मुलीच्या वडिलांना जाऊन अजून वर्षसुद्धा झाले नाही. आणि या पुस्तकात पाहा, कवट्याच कवट्या! हे घरात ठेवू का?" मी पाने न उलटताच "माझ्याकडे ठेवून जा" असे सांगितले. धर्मगुरूने पुस्तक ताब्यात घेतले म्हणजे प्रश्न मिटला, असे तिला वाटले आणि, कबूल केले पाहिजे, मलाही वाटले.

ते पुस्तक 'वासिलिसा सुंदरी' या रशियन लोककथेचे होते आणि त्यातील चित्रे इवान बिलिबिन यांची होती. काही दिवसांनी मी ते उघडले, वाचले, पुन्हा वाचले. न वाचता दिलेला निर्णय चुकीचा होता हे तेव्हा ध्यानात आले. त्या पुस्तकाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बिलिबिन (१८७६–१९४२) यांनी ही चित्रमाला हाती घेतली तेव्हा ते नामवंत चित्रकार नव्हते; विद्यार्थी होते. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात ते कायद्याचा अभ्यास करीत आणि त्याच काळात थोर चित्रकार इल्या रेपिन यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रकला शिकत. १८९९ च्या उन्हाळ्यात ते त्वेर प्रांतातील येग्नी या खेड्यात जाऊन राहिले. तेथील अरण्य, लाकडी घरे, कोरीव चौकटी, भरतकाम हे सारे त्यांनी डोळे भरून पाहिले. त्याच वर्षी वास्नेत्सोव यांचे रशियन वीरपुरुषांचे भव्य चित्र प्रदर्शनात पाहून ते भारावून गेले. या दोन अनुभवांतून लोककथांच्या चित्रांची कल्पना आकाराला आली. कथा घेतल्या त्या अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध केलेल्या संग्रहातून. १९०१ ते १९०३ या वर्षांत पुस्तिका निघाल्या, आणि त्या छापल्या रशियाच्या सरकारी छापखान्याने, जेथे चलनी नोटा छापल्या जात. एका विद्यार्थ्याच्या कामाला असा मुद्रक लाभावा, हे भाग्यच म्हणायचे.

आता कथा पाहू. वासिलिसा आठ वर्षांची असताना तिची आई मरणशय्येवर तिला जवळ बोलावते, आशीर्वाद देते आणि एक लहान बाहुली तिच्या हाती ठेवते. ही बाहुली कोणाला दाखवू नकोस. संकट आले की हिला खाऊ घाल आणि हिचा सल्ला घे, असे सांगून ती प्राण सोडते. पुढे सावत्र आई येते, तिच्या दोन मुली येतात, छळ सुरू होतो. एके रात्री घरातला दिवा विझतो आणि विस्तव आणण्यासाठी वासिलिसाला अरण्यातील बाबा यागा या चेटकिणीकडे धाडले जाते. बाबा यागा माणसे खाते. उखळात बसून, मुसळाने ते हाकीत आणि खराट्याने मागचा माग पुसत ती फिरते. तिच्या घराचे कुंपण मनुष्याच्या हाडांचे. त्यावर कवट्या टांगलेल्या. दाराला खांबांच्या जागी पाय, अडसराच्या जागी हात आणि कुलपाच्या जागी तीक्ष्ण दातांचे तोंड.

एवढे वाचले की कोणीही आईबाप पुस्तक मिटतील. परंतु कथा तेथे संपत नाही. बाबा यागा त्या मुलीला अशक्य कामे नेमून देते: अंगण झाडणे, स्वयंपाक, धुणे, गव्हातील काळे दाणे निवडणे, खसखशीतील माती वेगळी करणे. बाहुलीच्या मदतीने सारी कामे पार पडतात. चेटकीण चकित होऊन विचारते, हे तुला जमते तरी कसे? मुलगी उत्तर देते, आईचा आशीर्वाद मला साहाय्य करतो. हे ऐकताच बाबा यागा तिला घराबाहेर घालवते, कारण आशीर्वाद लाभलेली माणसे तिला आपल्या घरात नको असतात. जाताना ती कुंपणावरची जळत्या डोळ्यांची एक कवटी काठीवर खोचून तिच्या हाती देते. हाच तो विस्तव.

बिलिबिन यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र या क्षणाचे आहे. रात्र आहे. भरतकाम केलेल्या कपड्यांतली, लांब वेणी घातलेली मुलगी अरण्यातून निघाली आहे. मागे कवट्यांचे कुंपण आहे. तिच्या हातातील काठीवरच्या कवटीच्या डोळ्यांतून उजेड फाकला आहे. मुलीच्या मुद्रेवर भीती आहे, पण धावत सुटण्याची घाई नाही. ती चालते आहे. मला वाटते, चित्रकाराने कथेचे मर्म येथे अचूक पकडले. भीती नाहीशी झालेली नाही. मात्र ती आता मुलीच्या हातात आहे आणि तिच्याच उजेडात वाट दिसते आहे.

त्यांच्या रेषेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बिलिबिन आधी पेन्सिलीने रेखाटन पूर्ण करीत, ते जाड चित्रकागदावर उतरवीत, मग कुंचल्याने शाईची तारेसारखी एकसंध रेषा ओढीत आणि शेवटी जलरंग सपाट भरीत. मित्रांनी त्यांना 'लोखंडी हाताचा इवान' असे नाव ठेवले होते. रशियन लोकमुद्रणकलेचे आणि जपानी काष्ठमुद्रांचे संस्कार या पद्धतीवर दिसतात. चित्राभोवती ते नक्षीची चौकट घालतात. लहान मुलाच्या दृष्टीने ही चौकट फार मोलाची आहे. अरण्य कितीही घनदाट असले तरी त्याला कड आहे, भय कितीही मोठे असले तरी त्याला सीमा आहे, असे ती न बोलता सांगते.

पण याच गुणात एक उणीवही दडली आहे. बिलिबिन यांच्या चित्रात कवटी, झाडाचे खोड, अळंबी आणि मुलीची वेणी या सर्वांना सारखीच निगा मिळते. सारेच सुंदर दिसते. माणसांचे चेहरे पुष्कळदा पोशाखांइतके बोलत नाहीत. त्यामुळे कथेत जेथे मन हेलावले पाहिजे तेथे डोळा नक्षीत रमतो. विद्यार्थिदशेतील चित्रकाराला आपल्या कौशल्याचा आनंद झाला असावा, यात नवल नाही. परंतु दुःखाचे खोलपण त्या रेषेत क्वचितच उतरते.

दुसरी अडचण कथेच्या शेवटाची आहे. कवटीचे डोळे सावत्र आईवर आणि तिच्या मुलींवर रोखले जातात आणि पहाटेपर्यंत तिघी जळून कोळसा होतात. शत्रूंवर प्रीती करण्याची आज्ञा ज्यांनी ऐकली आहे त्यांनी येथे थांबलेच पाहिजे. हा न्याय शुभवर्तमानातील न्याय नव्हे, हे मुलाला स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि कथेतील दोन बारकावेही त्याला दाखवावेत. वासिलिसा घराच्या दाराशी ती कवटी टाकूनच देणार होती; सूड तिने मागितलेला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिले काम करते ते कवटी जमिनीत पुरण्याचे. त्या अनामिक मृताला अखेर एका मुलीच्या हातून मूठमाती मिळते. मृतांना मूठमाती देणे हे आपण दयेच्या कृत्यांत गणतो. हे वाचताना मला ती कथा एकाएकी फार जवळची वाटली.

भयकथांच्या बाजूने चेस्टरटन यांनी १९०९ साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या निबंधांत एक प्रसिद्ध युक्तिवाद केला आहे. मुलाला राक्षस परीकथा शिकवत नाही, तो त्याच्या मनात आधीच असतो. परीकथा त्याला राक्षसाला मारणारा संत जॉर्ज देते, असा त्याचा आशय आहे. युक्तिवाद मार्मिक आहे, पण वासिलिसाच्या कथेला तो पुरत नाही. येथे संत जॉर्ज नाही, तलवार नाही आणि बाबा यागा मरतही नाही. येथे एक पोरकी मुलगी आहे, गहू निवडणे आहे आणि खिशातली बाहुली आहे. आपल्या पुष्कळ घरांतील दुःख असेच असते. मृत्यूला कोणी ठार मारू शकत नाही. त्याच्या घरात राहून रोजची कामे करावी लागतात आणि एके दिवशी उजेड घेऊन बाहेर यावे लागते.

कवट्यांविषयी आपण इतके का दचकावे? प्रभूला जेथे क्रुसावर खिळले त्या गुलगुथाचा अर्थच 'कवटीची जागा' असा आहे. जुन्या क्रुसांच्या पायथ्याशी कवटी आणि हाडे कोरलेली आढळतात. आपली मुले तेथे मेणबत्ती लावतात आणि घाबरत नाहीत, कारण कवटीच्या वर कोण आहे हे त्यांना ठाऊक असते. मग अंत्यविधीच्या वेळी आपण त्याच मुलांना शेजारच्या घरी का पाठवतो? "बाबा देवाघरी गेले" एवढे एक वाक्य सांगून विषय का मिटवतो? ते वाक्य खरे आहे. पण त्यापुढे मौन पाळले की मूल त्या मौनातच आपली बाबा यागा पाहू लागते. तिला ना चौकट असते, ना कथेचा शेवट.

त्या प्रसिद्ध चित्रात बाहुली मात्र दिसत नाही. ती मुलीच्या खिशात आहे. चित्रकाराला कुंपण, कवटी, अरण्य दाखवता आले. आशीर्वाद दाखवता आला नाही, आणि तो दाखवायचा नसतोही. तो वाचून दाखवणाऱ्याच्या आवाजातून यावा लागतो. म्हणून असे पुस्तक मुलाच्या हाती देऊन आपण निघून जाऊ नये, तसेच ते काढूनही घेऊ नये. शेजारी बसून वाचावे.

मृतांच्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, मी ते पुस्तक त्या मातेला परत केले, चूक कबूल केली आणि मुलीबरोबर बसून वाचण्याची विनंती केली. पुढच्या रविवारी ती भेटली. आईच्या मरणाचे ते पहिले पान वाचताना आपला आवाज फुटेना, असे तिने सांगितले. तेव्हा मुलीने पुस्तक स्वतःकडे ओढले आणि पुढचे तीच मोठ्याने वाचू लागली.